आपल्या गल्लीतली वेगमर्यादा कोण ठरवतं आणि ती बदलून कशी घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या घरासमोरच्या डीपी (शहराच्या विकास आराखड्यातल्या) रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा फलक लागावा म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी दीड वर्ष पाठपुरावा केला. तेव्हापासून आसपासच्या सोसायट्यांमधली आणि शाळांच्या पालक गटातली मंडळी तेच ते प्रश्न घेऊन येतात. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळी उत्तरं एकदा लिहून काढावीत, म्हणून हे पान. अनुभव पुण्याचा आहे, पण कायदा केंद्राचा असल्यामुळे नाशिक, नागपूर, कोल्हापूर, ठाणे इथल्या लोकांनाही यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल. अधिकाऱ्यांची पदनामं तेवढी आपापल्या शहराप्रमाणे बदलून घ्या.

आमच्या रस्त्यावर वेगमर्यादेचा फलकच नाही. म्हणजे मर्यादाच नाही का?

आहे. फलक असो वा नसो, केंद्र सरकारने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने देशभरासाठी कमाल वेग ठरवून दिलेले आहेत. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७०, दुचाकीला ६०, बस आणि मालवाहू गाड्यांना ६० आणि रिक्षाला ५० किलोमीटर.

हे आकडे पहिल्यांदा वाचले की माणूस दचकतो. मीही दचकले होते. सदाशिव पेठेतल्या बोळात मोटार ७० ने? तसं कुणी चालवूही शकणार नाही. पण कागदावर पाहिलं, तर स्थानिक आदेश नसलेल्या रस्त्याला वरचं झाकण तेवढंच आहे. हे झाकण आहे, शिफारस नव्हे, हा फरक अनेक चालकांच्या लक्षातच येत नाही. ७० च्या आत असूनही एखाद्याचं चालवणं त्या रस्त्यासाठी धोकादायक असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, लागू शकतं. त्यासाठी फलकाची गरज नाही.

अडचण अशी की कलम १८४ बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावरच आठवतं. घडण्याआधी काही करायचं असेल तर रस्त्याला स्वतःचा, कमी आकडा मिळायला हवा.

तो कमी आकडा ठरवतं कोण? महापालिका की पोलीस?

दोघेही लागतात, आणि नेमकं इथेच बहुतेक अर्ज अडकतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची तरतूद आहे. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचं आणि पुलाचं स्वरूप पाहून राज्य सरकार, किंवा राज्याने अधिकार दिलेला अधिकारी, एखाद्या भागासाठी किंवा एखाद्या रस्त्यासाठी वेगळी मर्यादा ठरवू शकतो. मात्र ती केंद्राच्या कमाल मर्यादेच्या वर नेता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी व्हाव्या लागतात: अधिसूचना निघाली पाहिजे आणि रस्त्यावर योग्य जागी चिन्हं लागली पाहिजेत. चिन्हं लावण्याचे अधिकार कलम ११६ मध्ये आहेत.

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात वाहतुकीचे आदेश वाहतूक शाखेकडून निघतात. पुण्यात त्यावर पोलीस उपायुक्त, वाहतूक, यांची सही असते. वर्तमानपत्रात येणारे वाहतूक बदलाचे आदेश कधी बारकाईने वाचले असतील, तर पहिल्याच परिच्छेदात गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या परिपत्रकाचा हवाला दिसेल. अधिकार कुठून आले ते त्यात सांगितलेलं असतं.

पण रस्ता महापालिकेचा. खांब उभा करणं, फलक लावणं, पट्टे मारणं, गतिरोधक बांधणं ही कामं पथ विभाग किंवा तुमचं क्षेत्रीय कार्यालय करतं. त्यामुळे पोलिसांकडे गेलात तर "फलक महापालिका लावते" असं उत्तर मिळतं आणि महापालिकेत गेलात तर "पोलिसांचं पत्र आणा" असं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. म्हणून अर्ज एकच लिहा आणि तो दोन्हीकडे द्या. प्रत्येक प्रतीवर "प्रत माहितीसाठी" म्हणून दुसऱ्याचं नाव टाका आणि दोन्ही ठिकाणची पोच घ्या.

नगरसेवकांना सांगितलं तर लवकर होतं का?

आदेश काढायचा अधिकार त्यांना नाही. पण फलक, पट्टे आणि गतिरोधकाचा खर्च प्रभागाच्या निधीतून होऊ शकतो, म्हणून त्यांचं पत्र जोडलेलं बरं.

आकडा ठरतो कशावरून? कुणीतरी टेबलवर बसून लिहितं का?

तसं होऊ नये. चांगली पद्धत अशी. आधी पोलीस आणि महापालिकेचे अभियंते मिळून जागेवर येतात. याला संयुक्त पाहणी म्हणतात, आणि अर्जात हाच शब्द वापरा. रस्त्याची रुंदी, वळणं, उतार, चौकांमधलं अंतर, फुटपाथ आहे की नाही आणि असला तर मोकळा आहे का, दोन्ही बाजूंचं पार्किंग, शाळा, दवाखाना, मंडई, बसथांबे हे सगळं पाहिलं जातं. आधी झालेल्या अपघातांची नोंद काढली जाते. मग गाड्या प्रत्यक्षात किती वेगाने जातात ते मोजलं जातं.

या मोजणीत एक जुना दंडक वारंवार वापरला जातो. शंभर गाड्या वेगाच्या चढत्या क्रमाने मांडल्या तर पंच्याऐंशीवी गाडी ज्या वेगाने जाते, तो वेग. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी चालक त्या वेगाला किंवा त्याच्या आत असतात. अमेरिकेत अनेक दशकं याच आकड्याच्या आसपास मर्यादा ठरवायची पद्धत होती. त्यामागचा विचार असा, की बहुसंख्य चालक समजूतदार असतात आणि रस्ता पाहून योग्य वेग स्वतःच निवडतात.

महामार्गापुरता हा विचार समजण्यासारखा आहे. घरांमधल्या रस्त्यासाठी तो मला साफ अमान्य आहे. यात मत विचारलं जातं ते फक्त गाडी चालवणाऱ्याचं. काठी टेकत दूध आणायला निघालेल्या आजींचं मत त्या शंभर आकड्यांत कुठेच नसतं. शिवाय सगळेच भरधाव जायला लागले की पंच्याऐंशीवा आकडाही वर सरकतो, आणि जास्त वेग "नेहमीचा" ठरतो. म्हणून मोजणी जरूर व्हावी, पण ती रोग किती वाढलाय हे कळण्यासाठी. औषध ठरवताना पाहायचं ते रस्त्यावर सगळ्यात सावकाश चालणारं माणूस.

सगळे ३० च का मागतात? ४० ने काय बिघडतं?

हिशोब करून पाहू. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम आणि चालक सावध आहे असं धरा. समोर कुणी आलं हे दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० ला गाडी एका सेकंदात ८ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर जाऊन थांबते. एकूण सुमारे १३ मीटर. ताशी ४० ला एकूण सुमारे २० मीटर. ताशी ५० ला सेकंदाचे १४ आणि ब्रेकचे १४, एकूण २८ मीटर.

आता असं समजा की १३ मीटरवर दोन उभ्या मोटारींमधून एक मूल चेंडूमागे धावत बाहेर आलं. ३० ची गाडी त्याच्या पुढ्यात थांबते. ५० च्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोचतोच आहे. ती गाडी पूर्ण ५० च्या वेगाने धडकते. आणि ५० च्या धडकेत ३० पेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

म्हणूनच फेब्रुवारी २०२० च्या रस्ता सुरक्षेवरच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सांगितलं गेलं, की जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे कमाल वेग ३० असावा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. सरकारी नोंदीप्रमाणे ७१ टक्क्यांहून थोड्या जास्त मृत्यूंचं कारण अतिवेग. "अतिवेग" हा रकाना पोलीस ठाण्यात सढळ हाताने भरला जातो, हे मान्य. पण तो निम्म्याने कमी धरला तरी आकडा छातीत धडकी भरवणारा आहे.

आमच्या रस्त्यावर गाड्या किती वेगाने जातात, हे आम्हाला मोजता येईल का?

येईल, आणि जरूर मोजा. अर्जात "गाड्या फार जोरात जातात" असं लिहिण्यात आणि आकडे जोडण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्पीड गन लागत नाही. टेप, खडू आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं.

आम्ही असं केलं. रस्त्याच्या कडेला, जिथे गतिरोधक किंवा चौक जवळ नाही अशा सरळ भागात, टेपने बरोबर ५० मीटर मोजले. एका टोकाला औषधाच्या दुकानासमोरचा विजेचा खांब आला, दुसऱ्या टोकाला एका बंगल्याचं फाटक. दोन्हीकडे रस्त्याच्या कडेला खडूने जाड रेघ मारली. पहिल्या रेघेवर उभा राहिलेला गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की हात खाली करायचा, आणि दुसऱ्या रेघेवरचा तेव्हा घड्याळ सुरू करून चाक आपल्या रेघेवर आलं की बंद करायचा. तिसरा वहीत लिहून घ्यायचा. वही म्हणजे शाळेची उरलेली शंभर पानी, तिच्यात तीन रकाने: गाडीचा प्रकार, सेकंद, वेग.

हिशोब एकदम सोपा आहे. १८० ला सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. ६ सेकंद लागले तर ३०. साडेचार सेकंद लागले तर ४०. ३.६ सेकंद लागले तर ५०.

आम्ही सकाळी सात ते आठ ही वेळ निवडली होती, कारण तेव्हा शाळेच्या व्हॅन, दूधवाले आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत निघालेली मंडळी एकाच वेळी रस्त्यावर असतात. पहिल्याच दिवशी आमचा एक समज खोटा ठरला. आम्हाला वाटत होतं की कॉलेजची मुलं दुचाक्या पळवतात, तोच काय तो त्रास. वहीत मात्र सगळ्यात कमी सेकंदांच्या ओळींपुढे वारंवार "शाळेची व्हॅन" असं लिहिलेलं निघालं. आत दहा-बारा मुलं आणि पुढच्या थांब्याची घाई. त्या व्हॅनमध्ये आमच्याच इमारतीतली दोन मुलं जात होती. त्यांच्या आईने ते पान बराच वेळ हातात धरलं होतं.

निदान ४० गाड्या मोजा, शक्य तर दोन वेगवेगळ्या दिवशी. वेग चढत्या क्रमाने लिहिले की चौतिसावी गाडी म्हणजे तुमचा पंच्याऐंशी टक्क्यांचा वेग. मोजताना रस्त्यात उभं राहू नका, गाड्यांना हात करू नका आणि नंबर प्लेट लिहू नका. आपल्याला रस्त्याचं चित्र हवंय, कुणाला पकडून द्यायचं नाही. आणि घड्याळाच्या बोटात चूक होते हे अर्जात प्रामाणिकपणे लिहा. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या यंत्राने पुन्हा मोजावं, एवढीच मागणी ठेवा.

अर्जात नेमकं काय लिहायचं?

एका पानाच्या वर जाऊ नका. रस्त्याचं नाव आणि तो कुठपासून कुठपर्यंत, ठळक खुणांसह. तिथे कोण चालतं: शाळा, पाळणाघर, ज्येष्ठांचा कट्टा, मंदिर, बसथांबा. मोजणीचा तक्ता. मागणी स्पष्ट: कलम ११२ अन्वये ताशी ३० ची मर्यादा, त्यासाठी संयुक्त पाहणी, आणि दोन्ही टोकांना व मधल्या प्रत्येक जोडरस्त्यानंतर फलक. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. मधल्या गल्लीतून रस्त्यावर येणाऱ्याला टोकाचा फलक दिसतच नाही.

खाली सह्या घ्या, पण पाचशे सह्यांपेक्षा शाळेच्या मुख्याध्यापकांचं एक पत्र जास्त चालतं. फोटो दोनच जोडा: एक सकाळच्या गर्दीचा आणि एक मोकळ्या रस्त्याचा. मोकळा रस्ताच जास्त धोक्याचा असतो, हे फोटोशिवाय पटवता येत नाही.

"तिथे अजून मोठा अपघात झालेला नाही" असं उत्तर मिळालं. काय म्हणायचं?

हे उत्तर कुठून येतं ते समजून घ्या. सरकारी व्याख्येप्रमाणे अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरायला सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली आहे. पुण्यातल्या महामार्गावरच्या नवले पुलासारख्या जागेला ती लागू पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या उतारावर एका ट्रकने एका झटक्यात ४८ गाड्यांना धडक दिली होती. वस्तीतल्या सहाशे मीटरच्या रस्त्याला मात्र हाच गज लावला तर आपण पाच घरांत रडारड होण्याची वाट पाहत बसू.

शांतपणे एवढंच सांगा, की कलम ११२ मध्ये अपघातांची संख्या ही अट नाही. सार्वजनिक सुरक्षितता आणि रस्त्याचं स्वरूप एवढी कारणं कायद्याने पुरेशी मानली आहेत. शिवाय गल्लीतले बहुतेक अपघात पोलिसांपर्यंत जातच नाहीत. गुडघा फुटतो, मनगट मोडतं, दवाखान्यात प्लास्टर होतं, "जाऊ द्या" म्हणून मिटवलं जातं. जवळच्या दवाखान्यातून असे किती लोक येतात ते, नावं न घेता, विचारून पाहा. डॉक्टर स्वतःहून पत्र द्यायला तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

किती दिवस लागतात?

आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि त्यातले सात महिने अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाण्यात गेले. एकदा तर फाइलच सापडत नव्हती. पोचीची झेरॉक्स दाखवल्यावर ती एका कपाटात, जलवाहिनीच्या कामांच्या गठ्ठ्यात सापडली. म्हणून पोच जपून ठेवा.

महिनाभरात काहीच हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. विचारायचं एवढंच: अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, आणि सध्या तो कुणाकडे आहे. याने फाइल हलते. त्यानंतरही अडलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लिहा. तिथे पोलीस, महापालिका, परिवहन आणि बांधकाम खात्याचे अधिकारी एकाच टेबलाभोवती बसतात.

पुण्यात वाहतुकीचे बरेच आदेश आधी प्रायोगिक तत्त्वावर काढले जातात आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. ती मुदत चुकवू नका. विरोध करणारे न चुकता लिहितात, पाठिंबा देणारे घरी बसतात. चार ओळींचं समर्थनाचं पत्रही फाइलला लागतं.

रस्त्याचं काम चालू आहे तेवढ्यापुरती मर्यादा घालता येते का?

हो. एक महिन्याहून जास्त काळासाठी नसेल तर अधिसूचनेचीही गरज नाही, अशी सूट कलम ११२ मध्येच आहे. खोदकाम, गणपतीचे दिवस, पूल दुरुस्ती अशा वेळी हे लगेच मागता येतं.

सोसायटीच्या आत आम्ही "ताशी १०" असा बोर्ड लावलाय. तो कायदेशीर आहे का?

फाटकाच्या आतला खासगी रस्ता असेल तर तो तुमचा आपसातला नियम आहे, त्यावर पोलीस चलान करणार नाहीत. तरीही जरूर लावा. फाटकाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर मात्र परवानगीशिवाय फलक लावू नका, अगदी चांगल्या हेतूनेही नाही. त्याला कायद्याचा आधार नसतो, आणि मनाला येईल तो आकडा दिसायला लागला की लोक खऱ्या फलकालाही किंमत देत नाहीत.

फलक लागला तरी कोण ऐकतं?

पहिल्या आठवड्यात कुणीच नाही. आमच्याकडे तर एक फलक गुलमोहराच्या फांदीमागे गेला होता आणि दुसऱ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. अभीष्टचिंतन करणाऱ्या सतरा चेहऱ्यांच्या मागून ३० च्या शून्याचा खालचा भाग तेवढा डोकावत होता. आम्ही क्षेत्रीय कार्यालयात फोटो दिला, दोन दिवसांत फ्लेक्स उतरला. फांदीसाठी उद्यान विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागला.

पण मूळ मुद्दा याहून खोल आहे. चालक फलक वाचून वेग ठरवत नाही, रस्ता पाहून ठरवतो. बारा मीटर रुंद, गुळगुळीत, सरळ, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ३० लिहिलं तरी पाय आपोआप दाबला जातो. तोच रस्ता तोंडाशी थोडा अरुंद केला, फुटपाथ सलग आणि मोकळा ठेवला, झेब्रा पट्टे फुटपाथच्या उंचीवर उचलून घेतले, चौकाचे कोपरे आखडते केले, तर फलक न वाचणाराही हळू होतो. म्हणून अर्जात आकड्याबरोबर यातली निदान एक गोष्ट मागा. आमच्या रस्त्यावर शाळेसमोर उचललेलं क्रॉसिंग झालं, त्याने जेवढा फरक पडला तेवढा चार फलकांनी मिळून पडला नाही.

मग गतिरोधक टाकून घेतलेलं काय वाईट?

नीट बांधला तर वाईट नाही. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटीमीटर उंच आहे, ताशी २५ ने ओलांडता येईल असा. म्हणजे जवळपास एका छोट्या मोटारीच्या लांबीइतका पसरट. आपल्याकडे रातोरात टाकले जातात ते डांबराचे टोकदार उंचवटे. त्यांनी पाठीचा मणका जातो, रिक्षातल्या गरोदर बाईचे हाल होतात आणि रात्री पट्टे नसतील तर दुचाकीवाला हवेत उडतो. परवानगीशिवाय, पांढऱ्या पट्ट्यांशिवाय आणि आधीच्या सूचनाफलकाशिवाय गतिरोधक कधीही घालून घेऊ नका. कंत्राटदार म्हणेल, "ताई, एका रात्रीत करून देतो." नको म्हणा.

मर्यादा ओलांडली तर दंड किती? आणि चलान चुकीचं वाटलं तर?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये.

वेग यंत्राने मोजलेला असावा लागतो. एकट्या साक्षीदाराला "जोरात वाटली" एवढ्यावर शिक्षा होत नाही. कॅमेऱ्याने पकडल्यास २०२१ च्या नियमांप्रमाणे नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असते, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी सूचनाफलक हवा. फलक नव्हता किंवा झाकलेला होता असं तुमचं म्हणणं असेल तर त्याच दिवशी तारीख दिसेल असा फोटो काढून तक्रारीसोबत द्या.

एक विनंती. आपल्या रस्त्यावर ३० मागायचे आणि दुसऱ्याच्या गल्लीत लागलेलं चलान रद्द करायला ओळखी शोधायच्या, असं करू नका.

सगळीकडे ३० केलं तर कामावर जायला उशीर होणार नाही का?

६०० मीटरचा रस्ता ५० ने पार करायला ४३ सेकंद लागतात, ३० ने ७२ सेकंद. फरक २९ सेकंदांचा, तोही मधे एकही अडथळा आला नाही तर. पुढच्या सिग्नलला आपण याहून जास्त वेळ थांबतो. आणि मागणी कर्वे रस्ता किंवा सातारा रस्ता असे मोठे रस्ते ३० करा अशी नाहीच. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि चढण्या-उतरण्याच्या वळणांवर ४० अशी मर्यादा आहे. एकाच रस्त्याला जागेप्रमाणे तीन आकडे. जिथे माणसं राहतात आणि चालतात त्या रस्त्यांचा आकडा वेगळा असावा, एवढंच म्हणणं आहे.

हे दुसरीकडे कुठे झालंय का? अधिकारी उदाहरण मागतात.

दिल्लीचं द्या, ते लगेच पटतं. जून २०२१ मध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी वेगमर्यादा सुधारल्या, तेव्हा निवासी भागातले आतले रस्ते, बाजारपेठा आणि सेवा रस्ते यांवर सगळ्या वाहनांना ३० केलं. एकेका गल्लीसाठी अर्ज नाही, एका आदेशात सगळे आतले रस्ते. महाराष्ट्रातल्या शहरांनी हेच करावं असं मला मनापासून वाटतं, म्हणजे दीड वर्ष खेटे घालायची वेळ प्रत्येक गल्लीवर येणार नाही. परदेशातलं हवं असेल तर पॅरिसने ऑगस्ट २०२१ पासून बहुतेक शहरात ३० लागू केलं. आणि हेलसिंकीत जुलै २०२४ पासूनच्या एका वर्षात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तिथे निम्म्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा ३० आहे.

एकदा ठरलेली मर्यादा पुन्हा बदलते का?

बदलते, आणि बदलायला हवी. रस्ता रुंद झाला, मेट्रोचं स्थानक आलं, शाळा दुसरीकडे गेली, नवी वसाहत उभी राहिली की आधीचा आकडा शिळा होतो. बदलाची वाट तीच: पाहणी, मोजणी, आदेश, फलक. पण आपल्याकडे ठराविक वर्षांनी आपोआप फेरआढावा होईल यावर विसंबू नका. रस्ता नव्याने डांबरी झाला की पट्टे गायब होतात, खांब हलवला की फलक कुठेतरी कोपऱ्यात टेकवलेला राहतो, आणि आदेश कागदावर जिवंत असूनही रस्त्यावर नसतो.

यासाठी आम्ही एक साधी गोष्ट करतो. दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरमध्ये, त्याच दोन खुणांवर, विजेचा खांब आणि बंगल्याचं फाटक, पुन्हा खडूच्या रेघा मारतो. तीच वेळ, तेवढ्याच गाड्या. आता घड्याळ धरायला त्या व्हॅनमधल्या दोन मुलांपैकी मोठा येतो, तो सातवीत गेलाय. गेल्या वेळी व्हॅनच्या ओळींपुढे साडेपाच, सहा, सहा सेकंद असे आकडे होते. तक्ता आम्ही जुन्या अर्जाच्या क्रमांकासह वाहतूक शाखेला आणि क्षेत्रीय कार्यालयाला पाठवतो, आणि पोच घेतो.